लिलियन मोलर गिल्ब्रेथ

लिलियन इव्हलिन मोलर गिल्ब्रेथ (जन्म : ओकलंड, कॅलिफोर्निया, २४ मे १८७८, मृत्यू : फिनिक्स, अ‍ॅरिझोना, २ जानेवारी १९७२) या अमेरिकन औद्योगिक अभियंता, मानसशास्त्रज्ञ, लेखिका आणि प्राध्यापिका होत्या. कामगाराच्या हालचालींचा शास्त्रीय अभ्यास करून त्याचे श्रम कमी करण्याची पद्धत त्यांनी पती फ्रँक बंकर गिल्ब्रेथ यांच्यासह विकसित केली. पतीच्या निधनानंतर हीच पद्धत त्यांनी घरकामाला, विशेषतः स्वयंपाकघराला लावली. पायाने पेडल दाबून झाकण उघडता येणारा घरगुती कचऱ्याचा डबा आणि शीतकपाटाच्या दाराच्या आतील फळ्या यांचे श्रेय सामान्यतः त्यांना दिले जाते. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभियांत्रिकी अकादमीवर निवडून आलेल्या त्या पहिल्या स्त्री होत.

प्रारंभिक जीवन

लिलियन यांचे मूळ नाव लिली. वडील विल्यम मोलर हे बांधकाम साहित्याचे व्यापारी होते. आई अ‍ॅनी (पूर्वाश्रमीच्या डेल्गर) याही ओकलंडमधील सधन जर्मनवंशीय कुटुंबातल्या होत्या. या दांपत्याच्या अकरा अपत्यांपैकी पहिले तान्हेपणीच दगावल्याने लिली घरात सर्वांत थोरली ठरली. आईची प्रकृती नाजूक असल्यामुळे धाकट्या भावंडांचे बरेचसे संगोपन तिच्याकडे आले. मोठ्या कुटुंबाचा कारभार म्हणजे काय, हे तिला बालपणीच कळले.

स्वभावाने ती अत्यंत बुजरी होती. नऊ वर्षांची होईपर्यंत तिचे शिक्षण घरीच झाले. पुढे तिने ओकलंडच्या माध्यमिक शाळेतून शिक्षण पूर्ण केले. मुलींनी महाविद्यालयात जाण्याची गरज नाही, असे वडिलांचे मत होते. लिलीच्या आग्रहापुढे त्यांनी अखेर संमती दिली आणि ती घरी राहूनच बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात जाऊ लागली.

शिक्षण

१९०० मध्ये लिलियन यांनी इंग्रजी साहित्य हा विषय घेऊन पदवी मिळवली. त्या वर्षीच्या पदवीदान समारंभात विद्यार्थ्यांच्या वतीने भाषण करण्याचा मान त्यांना मिळाला. या विद्यापीठात हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत्या. याच सुमारास त्यांनी लिली हे नाव बदलून लिलियन असे नाव घेतले.

पुढील शिक्षणासाठी त्या न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेल्या. ज्या प्राध्यापकांकडे साहित्याचा अभ्यास करण्याची त्यांची इच्छा होती, ते ब्रँडर मॅथ्यूज स्त्रियांना आपल्या वर्गात घेत नसत. तेथे त्यांना एडवर्ड थॉर्नडाइक यांच्याकडे मानसशास्त्र शिकण्याची संधी मिळाली आणि या विषयाची गोडी कायमची लागली. आजारपणामुळे त्यांना घरी परतावे लागले. १९०२ मध्ये बर्कलीतून त्यांनी एम.ए. केले. त्यांचा प्रबंध नाटककार बेन जॉन्सन यांच्या 'बार्थोलोम्यू फेअर' या नाटकावर होता.

विवाहानंतर त्यांनी मानसशास्त्रात पीएच.डी.साठी प्रबंध लिहिला. तो १९११ मध्ये पूर्ण झाला. परंतु विद्यापीठाच्या परिसरात राहण्याची अट त्यांनी पुरी केली नव्हती, आणि ती शिथिल करण्यास विद्यापीठाने नकार दिला. हाच प्रबंध प्रथम एका औद्योगिक नियतकालिकात क्रमशः आणि १९१४ मध्ये 'द सायकॉलॉजी ऑफ मॅनेजमेंट' या नावाने ग्रंथरूपात प्रसिद्ध झाला. लेखक स्त्री आहे हे वाचकांच्या ध्यानात येऊ नये म्हणून प्रकाशकाने मुखपृष्ठावर एल. एम. गिल्ब्रेथ एवढीच आद्याक्षरे छापली. व्यवस्थापनाच्या विचारात कामगाराच्या मनाला स्थान देणाऱ्या आरंभीच्या ग्रंथांत त्याची गणना होते. पदवीसाठी लिलियन यांनी ब्राउन विद्यापीठात दुसरा प्रबंध सादर केला. अध्यापनात वाया जाणारे श्रम कसे टाळावेत, हा त्याचा विषय होता. १९१५ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली, तेव्हा त्या अनेक मुलांच्या आई होत्या.

विवाह आणि हालचालींचा अभ्यास

१९०३ मध्ये युरोपच्या प्रवासाला निघाल्या असताना बॉस्टन येथे लिलियन यांची फ्रँक गिल्ब्रेथ यांच्याशी ओळख झाली. १९ ऑक्टोबर १९०४ रोजी ओकलंडमध्ये त्यांचा विवाह झाला. फ्रँक महाविद्यालयात गेले नव्हते. गवंड्याच्या हाताखाली उमेदवारी करून ते स्वतःच्या बळावर मोठे बांधकाम कंत्राटदार झाले होते.

उमेदवारीच्या काळात फ्रँक यांच्या लक्षात आले होते की, प्रत्येक गवंडी वीट वेगळ्या रीतीने रचतो आणि प्रत्येक विटेसाठी खाली वाकतो. विटा व मसाला कमरेच्या उंचीवर राहील अशी वरखाली करता येणारी परांची त्यांनी तयार केली. एक वीट रचण्यासाठी लागणाऱ्या हालचाली त्यांनी १८ वरून सुमारे ५ वर आणल्या. त्यामुळे तासाला १२० विटा रचणारा गवंडी ३५० विटा रचू लागला. या तत्त्वाचे शास्त्र बनवण्याच्या कामात लिलियन सुरुवातीपासून सहभागी होत्या. फ्रँक यंत्रे, साधने व हालचाली पाहत; लिलियन माणसाचा थकवा, कंटाळा आणि समाधान पाहत. फ्रँक यांच्या नावावर निघालेल्या अनेक पुस्तकांत लिलियन यांच्या लेखनाचा मोठा वाटा होता. 'फटिग स्टडी' (१९१६) आणि 'अप्लाइड मोशन स्टडी' (१९१७) ही पुस्तके दोघांच्या नावाने प्रसिद्ध झाली.

कामाचे चलचित्रण करून, चौकटीत घड्याळ ठेवून ती फीत पुन्हा पुन्हा पाहणे, तसेच कामगाराच्या बोटाला लहान दिवा बांधून हाताच्या मार्गाची प्रकाशरेषा छायाचित्रात टिपणे, या त्यांच्या प्रमुख पद्धती होत्या. हाताने होणाऱ्या कोणत्याही कामाचे त्यांनी शोधणे, पकडणे, धरून ठेवणे, नेणे, सोडणे अशा मूलभूत घटकांत विभाजन केले. या घटकांना त्यांनी आपल्याच आडनावाची अक्षरे उलट क्रमाने लिहून 'थर्ब्लिग' असे नाव दिले. शस्त्रक्रियेच्या वेळी शल्यविशारदाने अवजार स्वतः शोधू नये, परिचारिकेने ते त्याच्या हातात द्यावे, ही आज सर्वत्र रूढ असलेली रीतही फ्रँक यांनी सुचवली होती.

समकालीन फ्रेडरिक टेलर यांच्या शास्त्रीय व्यवस्थापनाशी गिल्ब्रेथ दांपत्याचे सुरुवातीला जवळचे नाते होते. पुढे मतभेद वाढले. टेलर यांच्या हातात वेळ मोजणारे घड्याळ होते आणि अधिक उत्पादन हे त्यांचे मुख्य उद्दिष्ट होते. केवळ वेळ मोजल्याने काम सुधारत नाही, कोणती हालचाल अनावश्यक आहे हे पाहिले पाहिजे आणि वाचलेल्या श्रमाचा लाभ कामगारालाही मिळाला पाहिजे, असा गिल्ब्रेथ यांचा आग्रह होता.

पतीचे निधन आणि नवी वाट

१४ जून १९२४ रोजी न्यू जर्सीतील मॉन्टक्लेअर येथे हृदयविकाराच्या झटक्याने फ्रँक यांचे अकस्मात निधन झाले. ते रेल्वे स्थानकावरून दूरध्वनीवर लिलियन यांच्याशीच बोलत होते. त्या वेळी अकरा मुले हयात होती. थोरली मुलगी १८ वर्षांची, तर धाकटी दोन वर्षांचीही नव्हती. काही दिवसांतच लिलियन ठरल्याप्रमाणे युरोपला रवाना झाल्या आणि प्राग येथील आंतरराष्ट्रीय व्यवस्थापन परिषदेत त्यांनी पतीच्या जागी भाग घेतला.

परतल्यावर त्यांच्यापुढे उदरनिर्वाहाचा प्रश्न उभा राहिला. फ्रँक यांच्याबरोबर करार केलेल्या अनेक कारखान्यांनी ते पुढे चालू ठेवले नाहीत. वीस वर्षांचा अनुभव, पीएच.डी. आणि ग्रंथलेखन पाठीशी असूनही कारखान्यातील कामाविषयी स्त्रीचा सल्ला घेण्यास मालक तयार नव्हते. लिलियन यांनी राहत्या घरीच हालचालींच्या अभ्यासाचे वर्ग सुरू केले. कारखान्यांचे प्रतिनिधी तेथे शिकायला येऊ लागले.

दुसरा मार्ग त्यांनी उद्योगांच्या गरजेतून शोधला. स्त्रिया ज्या वस्तू विकत घेतात किंवा जेथे स्त्रियाच काम करतात, तेथे स्त्री तज्ज्ञाचे म्हणणे ऐकले जाई. न्यूयॉर्कमधील मेसीज या विशाल दुकानात त्यांनी विक्रेत्या व रोख रक्कम हाताळणाऱ्या स्त्रियांच्या कामाचा अभ्यास केला. त्यासाठी त्या स्वतः विक्रेती म्हणून उभ्या राहिल्या. जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीसाठी १९२६-२७ मध्ये त्यांनी सॅनिटरी नॅपकिनविषयी हजाराहून अधिक स्त्रियांची मते गोळा केली. या विषयावर उघडपणे बोलणेही त्या काळी अवघड होते.

स्वयंपाकघराचा अभ्यास

घरकाम शास्त्रीय पद्धतीने करावे, हा विचार क्रिस्टीन फ्रेडरिक यांनी अमेरिकेत १९१० च्या दशकातच मांडला होता. लिलियन यांनी त्याला प्रत्यक्ष मोजमापाची आणि मानसशास्त्राची जोड दिली. 'द होम-मेकर अँड हर जॉब' (१९२७) या पुस्तकात त्यांनी घर हेही कामाचे ठिकाण आहे आणि तेथील थकवा हा कारखान्यातील थकव्याइतकाच खरा आहे, अशी भूमिका घेतली.

ब्रुकलिनमधील एका गॅस कंपनीसाठी त्यांनी १९२९ मध्ये 'किचन प्रॅक्टिकल' या नावाचे आदर्श स्वयंपाकघर रचले. शेगडी, कामाचा ओटा आणि साठवणीची जागा एकमेकांजवळ, शक्यतो वर्तुळाकार मार्गावर असावीत; ओट्यांची उंची गृहिणीच्या उंचीप्रमाणे ठरवावी; जोडीला चाकांचा गाडा असावा, ही त्याची मुख्य सूत्रे होती. त्याच उपकरणांची मांडणी बदलून स्ट्रॉबेरीचा केक करण्याची चाचणी घेण्यात आली, तेव्हा कामातील क्रिया ९७ वरून ६४ वर आणि चालण्याची पावले २८१ वरून ४५ वर आल्याची नोंद आहे. पुढे रूढ झालेल्या स्वयंपाकघरातील त्रिकोणाच्या, म्हणजे शेगडी, मोरी व शीतकपाट यांतील अंतर कमी ठेवण्याच्या, संकल्पनेमागे हे काम आहे.

जनरल इलेक्ट्रिक कंपनीसाठी त्यांनी ४,००० हून अधिक स्त्रियांना प्रश्न विचारून शेगडी, मोरी व अन्य सोयींची योग्य उंची निश्चित करण्याचा प्रयत्न केला. सर्वांना एकच उंची सोयीची नसते, हा त्यांच्या विचाराचा गाभा होता. तरीही कारखान्यात तयार होणाऱ्या सामानाच्या सोयीसाठी अमेरिकेत पुढे ३६ इंच उंचीचा ओटा सर्वसामान्य ठरला.

पेडलचा कचऱ्याचा डबा

लिलियन गिल्ब्रेथ यांच्याशी जोडल्या जाणाऱ्या वस्तूंत पेडलचा डबा सर्वांत साधा आणि सर्वांत अधिक पसरलेला आहे. त्यामागील विचार फ्रँक यांच्या परांचीच्या विचाराशी जुळणारा आहे. विटेसाठी वाकणारा गवंडी आणि सालपटे टाकण्यासाठी वाकणारी गृहिणी यांचा त्रास एकाच प्रकारचा आहे. दोघांनाही चपळाईचा उपदेश करण्याऐवजी वस्तूची रचना बदलणे, हा त्यावरील उपाय आहे.

झाकणाच्या साध्या डब्यात कचरा टाकताना हातातील वस्तू खाली ठेवावी लागते किंवा एका हातात सांभाळावी लागते. मग वाकून दुसऱ्या हाताने झाकण शोधणे, पकडणे, उचलणे, कचरा पडेपर्यंत धरून ठेवणे आणि पुन्हा बसवणे अशा क्रिया होतात. त्यानंतर झाकणाला लागलेला हात धुवावा लागतो. गिल्ब्रेथ यांच्या वर्गीकरणात नुसते धरून ठेवणे ही हाताची निष्फळ क्रिया मानली जाते, कारण त्या वेळी हात अडकलेला असतो, पण काम पुढे जात नाही. झाकण काढून टाकले तर या क्रिया वाचतात, परंतु दुर्गंधी व माश्यांचा उपद्रव सुरू होतो. डबा झाकलेलाही हवा आणि हात न लावता उघडलाही पाहिजे, या दोन गरजांचा मेळ पेडलने घातला.

या डब्याच्या तळाशी एक तरफ असते. तिचे एक टोक पेडल म्हणून बाहेर येते आणि दुसरे टोक मागील बाजूस उभ्या सळईला जोडलेले असते. पेडल खाली दाबले की सळई वर सरकते आणि बिजागरीजवळ झाकणाला ढकलते. बिजागरीपासून ढकलण्याच्या बिंदूचे अंतर फार थोडे असल्यामुळे पायाच्या लहानशा हालचालीने झाकण जवळजवळ उभे होते. पाय काढताच ते स्वतःच्या वजनाने मिटते. झाकण धरून ठेवण्याचे काम हाताकडून पायाकडे जाते आणि दोन्ही हात मोकळे राहतात.

पेडलच्या डब्यातील पुढच्या सुधारणाही याच कसोटीवर पाहता येतात. आतील बादली वेगळी उचलता येऊ लागल्याने संपूर्ण डबा हलवण्याची गरज उरली नाही. झाकण सावकाश मिटवणाऱ्या योजनेमुळे आदळण्याचा आवाज थांबला. रुंद पेडलमुळे ते नजरेने शोधावे लागत नाही. याउलट, वजनाने हलका डबा पेडल दाबताना मागे सरकतो वा कलंडतो आणि भिंतीलगत ठेवलेल्या डब्याचे झाकण पूर्ण उघडत नाही. तळ जड करणे, तळाला रबर लावणे आणि बिजागरी कडेपासून आत घेणे हे त्यांवरील नेहमीचे उपाय आहेत.

शीतकपाटाच्या दारातील लोणी व अंडी ठेवण्याच्या जागाही गिल्ब्रेथ यांच्या नावावर सांगितल्या जातात. लागणारी वस्तू हाताशी व नजरेसमोर असावी, हेच तत्त्व त्यांतही आहे.

अपंग व रुग्णांसाठी कार्य

पहिल्या महायुद्धात जखमी झालेल्या सैनिकांना पुन्हा कामाला लावण्याच्या प्रश्नाकडे गिल्ब्रेथ दांपत्य वळले होते. 'मोशन स्टडी फॉर द हँडिकॅप्ड' (१९२०) हे त्यांचे पुस्तक या विषयावर आहे. एका हाताने करता येईल असे काम शोधण्यापेक्षा तेच काम एका हाताने करता येईल अशी रचना करावी, असा त्यांचा दृष्टिकोन होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात एडना योस्ट यांच्यासह लिलियन यांनी 'नॉर्मल लाइव्ह्ज फॉर द डिसेबल्ड' (१९४४) हे पुस्तक लिहिले. १९४० च्या दशकाच्या अखेरीस हृदयविकार असलेल्या स्त्रियांसाठी कमीत कमी श्रम पडतील अशा स्वयंपाकघराची रचना करण्यात त्यांनी पुढाकार घेतला. निरोगी व्यक्तीला सोय वाटणारी गोष्ट अशा रुग्णांसाठी स्वावलंबन आणि परावलंबन यांतील फरक ठरत असे.

अध्यापन व सार्वजनिक कार्य

१९३५ मध्ये इंडियानातील पर्ड्यू विद्यापीठात लिलियन व्यवस्थापनाच्या प्राध्यापिका झाल्या. त्या विद्यापीठातील अभियांत्रिकीच्या त्या पहिल्या स्त्री प्राध्यापक होत. १९४८ पर्यंत त्यांनी तेथे अध्यापन केले. १९३० च्या महामंदीत राष्ट्राध्यक्ष हर्बर्ट हूव्हर यांनी नेमलेल्या रोजगारविषयक आणीबाणी समितीच्या महिला विभागाची जबाबदारी त्यांच्याकडे होती. पुढील अनेक राष्ट्राध्यक्षांच्या काळातही त्यांनी शासकीय समित्यांवर काम केले. वयाच्या नव्वदीपर्यंत त्यांची व्याख्याने व प्रवास सुरू होते.

कौटुंबिक जीवन

१९०५ ते १९२२ या काळात लिलियन यांना बारा जिवंत अपत्ये झाली. त्यांपैकी मेरी ही दुसरी मुलगी १९१२ मध्ये घटसर्पाने दगावली. उरलेल्या अकराही मुलांना पतीच्या पश्चात त्यांनी वाढवले. मुलांमध्ये कामांची वाटणी केलेली असे.

स्वयंपाकघराची नवी रचना करणाऱ्या लिलियन स्वतः स्वयंपाक फारसा करीत नसत. ते काम घरातील नोकर टॉम ग्रीव्ह्ज पाहत. सासूबाई मार्था याही दीर्घकाळ या कुटुंबात होत्या. इतरांच्या या मदतीमुळे लिलियन यांना व्यवसायासाठी वेळ मिळाला.

या घराच्या आठवणी फ्रँक (धाकटे) आणि अर्नेस्टीन या मुलांनी 'चीपर बाय द डझन' (१९४८) व 'बेल्स ऑन देअर टोज' (१९५०) या पुस्तकांत सांगितल्या. दोन्हींवर अनुक्रमे १९५० आणि १९५२ मध्ये चित्रपट निघाले. त्यांत मर्ना लॉय यांनी लिलियन यांची भूमिका केली. या लोकप्रियतेमुळे बारा मुलांची आई ही त्यांची प्रतिमा ठसली आणि अभियंता व मानसशास्त्रज्ञ म्हणून केलेले काम बराच काळ मागे पडले. 'अ‍ॅज आय रिमेंबर' हे त्यांचे आत्मचरित्र मृत्यूनंतर १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले.

मूल्यमापन

हालचालींच्या अभ्यासावर कामगार संघटनांनी आक्षेप घेतले. कामाची पद्धत तज्ज्ञ ठरवणार असतील तर कारागिराचे स्वतःच्या कौशल्यावरील नियंत्रण जाते, ही त्यांतील प्रमुख शंका होती. घरकामाच्या बाबतीत रूथ श्वार्त्झ कोवन यांनी 'मोअर वर्क फॉर मदर' (१९८३) या ग्रंथात वेगळा प्रश्न उपस्थित केला. नवी उपकरणे आल्यावर स्वच्छतेच्या व टापटिपीच्या अपेक्षा वाढल्या, नोकर व घरातील इतर सदस्य कामातून बाजूला झाले आणि गृहिणीचा वेळ अपेक्षेइतका वाचला नाही, असे त्यांनी दाखवून दिले.

ही टीका गिल्ब्रेथ यांच्या कामाच्या मर्यादा स्पष्ट करते. सोयीचा डबा वा नीट रचलेला ओटा श्रम हलके करतो; ते श्रम कोणी करायचे, हे तो ठरवत नाही. लिलियन यांनी घरातील कामे सर्व सदस्यांनी वाटून घ्यावीत, असे लिहिले. गृहिणीला उरणारा वेळ तिच्या स्वतःच्या आवडीसाठी असावा, असाही त्यांचा आग्रह होता. तथापि त्यांच्या कामातील वस्तू जितक्या पसरल्या, तितका हा विचार पसरला नाही.

सन्मान

लिलियन गिल्ब्रेथ यांना अनेक विद्यापीठांनी सन्माननीय पदव्या दिल्या. त्यांचे काही प्रमुख सन्मान पुढीलप्रमाणे :

१९२६ – अमेरिकन यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेचे सदस्यत्व
१९४४ – गँट पदक (दिवंगत पतीसह संयुक्त)
१९५० – महिला अभियंत्यांच्या संस्थेच्या पहिल्या सन्माननीय सदस्य
१९६५ – राष्ट्रीय अभियांत्रिकी अकादमीवर निवड
१९६६ – हूव्हर पदक, हा मान मिळवणाऱ्या पहिल्या स्त्री
१९८४ – अमेरिकेच्या टपाल खात्यातर्फे ४० सेंटचे तिकीट

वारसा

माणसाच्या शरीराला अनुरूप अशी वस्तूंची व कामाच्या जागेची रचना करणाऱ्या शास्त्राच्या पूर्वसूरींत लिलियन गिल्ब्रेथ यांचे स्थान आहे. पेडलचा डबा आज घरांबरोबरच रुग्णालयांतही सर्रास आढळतो. तेथे हाताचा स्पर्श टाळणे हा संसर्गप्रतिबंधाचा भाग आहे.

महाराष्ट्रात पूर्वी स्वयंपाक जमिनीवर बसून होत असे. विळीसमोर बसल्या बसल्या देठ व सालपटे ताटलीत जमत आणि शेवटी एकदाच बाहेर टाकली जात. उभ्याचा ओटा आल्यावर ही बैठक मोडली आणि केराचा डबा मोरीखाली किंवा ओट्याच्या कडेला आला. भारताच्या २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी घरातच ओला व सुका कचरा वेगळा करणे बंधनकारक केले. त्यामुळे मुंबई, पुणे, पनवेल यांसारख्या शहरांतील सदनिकांत एकाऐवजी किमान दोन डबे ठेवावे लागू लागले. ओट्याची एकच उंची घरातल्या प्रत्येकाला सोयीची आहे का आणि भरल्या हाताने डबा किती वेळा उघडावा लागतो, हे लिलियन गिल्ब्रेथ यांनी मोजायला घेतलेले प्रश्न या घरांनाही लागू पडतात.